सागरगोटा : खेळ ठेवू, औषध तपासू, ताईत टाकू



गरिबाच्या घरात काही वस्तू अशा असतात की त्यांची किंमत कोणी विचारत नाही आणि त्यांची माहितीही कोणी सांगत नाही. सागरगोटा ही त्यांपैकीच एक. राखाडी रंगाचा, गुळगुळीत, बोराएवढा आणि दगडासारखा कठीण. आजच्या पुष्कळ मुलांना तो नदीतला गोटाच वाटतो. ते एका काटेरी झुडपाचे बी आहे, हे सांगितले की मुले विश्वास ठेवत नाहीत.

आमच्या नया नगरमध्ये एकाच पावसाळ्यात हा सागरगोटा तीन निरनिराळ्या कामांसाठी आमच्यासमोर आला. एका इमारतीच्या गॅलरीत मुली त्याने खेळत होत्या. एका घरात दीड महिन्याच्या बाळाच्या घुटीसाठी तो सहाणेवर उगाळला जात होता. आणि एका घरात, सुनेला दिवस गेले म्हणून तो लाल दोऱ्यात ओवून तिच्या कमरेला बांधावा, असा सल्ला कोणीतरी दिला होता. वस्तू एकच, पण एकीकडे ती खेळणे, दुसरीकडे औषध आणि तिसरीकडे ताईत. यातले घ्यायचे काय आणि टाकायचे काय, हा प्रश्न आमच्या भगिनींनी विचारला. त्यासाठी आधी हे झुडूप नीट समजून घेतले पाहिजे. म्हणून हा लेख.

झुडूप कसे असते?

सागरगोट्याला महाराष्ट्रात गजगा असेही म्हणतात. संस्कृतात त्याला लताकरंज आणि कुबेराक्ष अशी नावे आहेत. कुबेराक्ष म्हणजे कुबेराचा डोळा. नाव कुबेराचे, पण झुडूप उभे राहिले ते गरिबाच्या कुंपणाला! हिंदीत कटकरंज किंवा करंजुवा, कानडीत गज्जुग, तामिळमध्ये कळर्चिक्काय अशी त्याची नावे आहेत. रस्त्याच्या कडेला सावलीसाठी जो करंज लावतात तो वृक्ष वेगळा आणि हा लताकरंज वेगळा. नाव सारखे म्हणून दोघांची गल्लत करू नये.

शास्त्रज्ञांनी त्याला शेंगा धरणाऱ्या झाडांच्या मोठ्या कुळात घातले आहे. तूर, हरभरा, वाटाणा, चिंच, गुलमोहोर ही सारी याच कुळातली. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली त्याला ‘गिलँडिना बाँडक’ हे नाव दिले. पुढे ते ‘सिसाल्पिनिया बाँडक’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि बहुतेक पुस्तकांत तेच नाव सापडते. अलीकडच्या संशोधनानंतर शास्त्रज्ञ पुन्हा लिनियसच्या जुन्या नावाकडे वळले आहेत. यातला ‘बाँडक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’ या शब्दावरून आला. गोल, टणक कवचाच्या एका सुक्या मेव्याचे ते नाव. अरब व्यापाऱ्यांना हे बी किती जुन्या काळापासून माहीत होते, याची खूण त्या नावात राहिली आहे.

हे झुडूप सरळ उभे राहत नाही. ते पसरते, वाकते, शेजारच्या झाडाचा आधार मिळाला की त्यावर चढते. त्याच्या फांद्यांना काटे असतातच, पण पानांच्या देठांनाही मागे वळलेले, आकड्यासारखे काटे असतात. आत हात घालणे सोपे, बाहेर काढणे कठीण. कापड अडकले तर फाटल्याशिवाय सुटत नाही. फुले पिवळी, तुऱ्याने येणारी. शेंग दोन-तीन इंच लांब, चपटी-फुगीर आणि साऱ्या अंगावर टोकदार काटे. शेंग वाळली की उकलते आणि आत एक किंवा दोन बिया दिसतात. त्याच आपल्या सागरगोट्या. बारकाईने पाहिले तर बीच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघांची वर्तुळे दिसतात.

कोकणच्या किनारपट्टीवर शेतकऱ्यांनी या काट्यांचा उपयोग फार पूर्वीच ओळखला. शेताला, वाडीला, परसाला सागरगोट्याची वई घातली की गुरे आत शिरत नाहीत. तारेला पैसे लागतात, दगडी गडग्याला मजुरी लागते. ही वई मात्र स्वतःच वाढते आणि दरवर्षी अधिक दाट होते. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचे हे कुंपण.

समुद्रावरचा प्रवासी

याला ‘सागर’गोटा का म्हणायचे? या नावात या झुडपाची खरी गोष्ट आहे. हे मूळचे समुद्रकिनाऱ्याचे झुडूप. खारे वारे आणि रेताड जमीन त्याला मानवते. भारत, श्रीलंका, आफ्रिका, वेस्ट इंडीज, पॅसिफिक महासागरातली बेटे – जगाच्या उष्ण पट्ट्यात जिथे जिथे किनारा आहे तिथे तिथे हे झुडूप आढळते. एवढ्या दूर ते कसे पोहोचले? कोणी नेऊन लावले काय? काही ठिकाणी माणसाने नेले असेल. पण मुख्य काम समुद्राने केले.

या बीचे कवच इतके घट्ट असते की त्यातून पाण्याचा थेंबही आत जात नाही. आतला गर कवचाला पूर्ण भरून नसतो; मध्ये हवेची पोकळी राहते. त्यामुळे बी बुडत नाही, तरंगते. किनाऱ्यावरचे झुडूप भरतीच्या पाण्यात बिया टाकते आणि प्रवाह त्यांना घेऊन जातो. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही आतला अंकुर जिवंत असतो. मग एखाद्या किनाऱ्यावर ती वाळूत रुतते, लाटा आणि खडक तिचे कवच घासतात, पाणी आत शिरते आणि बी रुजते.

आमच्या मीरा-भाईंदरच्या रहिवाशांना ही किनाऱ्याची गोष्ट परकी वाटू नये. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरे व खाजण, असा हा मुलूख होता. नगरपरिषद १९८५ साली झाली आणि महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी. त्या मधल्या वर्षांत मुंबईच्या चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून हजारो कष्टकरी कुटुंबे स्वस्त खोलीच्या आशेने मीरा रोडला उतरली. आज चारही बाजूंना इमारती दिसतात. पण भरतीच्या दिवशी जोराचा पाऊस झाला की आपण खाडीच्या काठी राहतो याची आठवण गटारेच करून देतात. खारफुटी आणि तिच्या मागे वाढणारी किनाऱ्याची झाडेझुडपे ही निरुपयोगी रानझाडी नाही, ती जमिनीची राखण आहे. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम केली. गरिबांची वस्ती नेहमी सखल भागात असते. पाणी तुंबले की पहिल्यांदा आपल्याच घरात शिरते. तेव्हा किनाऱ्याच्या झुडपांची ओळख ठेवणे हा श्रीमंतांचा छंद नाही, आपल्याही गरजेचा विषय आहे.

ताईत झाला कसा?

आता त्या लाल दोऱ्याकडे येऊ. गरोदर बाईने सागरगोटे लाल रेशमात ओवून घातले म्हणजे गर्भ टिकतो, ही समजूत आजची नाही. देशी औषधींवरच्या जुन्या ग्रंथांत तिची नोंद आहे. तशीच दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गळ्यात सागरगोटा बांधण्याची चाल.

पुष्कळांना वाटते की असल्या समजुती फक्त आपल्याकडेच असतात आणि गोरे लोक मोठे शहाणे. तसे मुळीच नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाची थंड बेटे आहेत. तिथे हे झुडूप उगवूच शकत नाही. पण अटलांटिक महासागराचे प्रवाह वेस्ट इंडीजच्या किनाऱ्यावरचे सागरगोटे हजारो मैल वाहत नेऊन त्या बेटांवर टाकतात. मार्टिन मार्टिन नावाच्या तिथल्याच एका लेखकाने १७०३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे की, हे फिकट रंगाचे बी बेटावरचे लोक जादूटोण्यापासून आणि दृष्टीपासून रक्षण व्हावे म्हणून मुलांच्या गळ्यात बांधत. कोणी वाईट चिंतले तर बी काळे पडते, असेही ते मानत.

विचार करा. कोकणातली आई आणि स्कॉटलंडच्या बेटावरची आई यांनी एकमेकींचे नावही ऐकले नव्हते. तरी दोघींनी तेच बी मुलाच्या गळ्यात बांधले. का? कारण दोघींची मुले तापाने मरत होती आणि दोघींजवळ डॉक्टर नव्हता. ताईताचा जन्म मूर्खपणातून होत नाही, भीतीतून आणि असहायपणातून होतो. म्हणून आपल्या आज्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण आज डॉक्टर असताना, सरकारी दवाखाना असताना तोच दोरा बांधणे याला मात्र काही अर्थ नाही.

त्याच काळातली दुसरी गोष्ट पाहा. लंडनचे डॉक्टर हॅन्स स्लोन यांनी १६८७ ते १६८९ या काळात जमैका बेटावर राहून तिथली झाडे पाहिली होती. पुढे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वाहून आलेल्या चमत्कारिक बिया त्यांच्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी त्या ओळखल्या. ही तर जमैकातल्या झाडांची बी, ती समुद्रातून वाहत आली, असे त्यांनी लिहिले. बी तेच. ज्यांना ते कुठून आले हे माहीत नव्हते त्यांनी त्याला दैवी मानले; ज्याने ते झाड पाहिले होते त्याला त्यात दैवी काही दिसले नाही. माहिती आली की भीती जाते, ती अशी.

गर्भ टिकणे हे आईच्या रक्तातील लोह, रक्तदाब, साखर, आहार, विश्रांती, जंतुसंसर्ग अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. काही गर्भपात तर बीजातील दोषामुळे होतात आणि त्यात बाईचा काहीही दोष नसतो. कमरेच्या दोऱ्याला यातले काहीच कळत नाही. उलट दोरा बांधला म्हणून घरचे निश्चिंत राहतात आणि तपासणी राहून जाते, हा खरा धोका. आणि दुर्दैवाने काही झालेच तर ‘दोरा का सोडलास?’ म्हणून बोल पुन्हा सुनेलाच! दिवस गेल्याचे कळताच जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे, लोहाच्या गोळ्या घ्याव्यात आणि ठरलेल्या तारखांना तपासणी करून घ्यावी. हाच खरा संरक्षक दोरा.

औषध आहे की नाही?

ताईत टाकला म्हणून औषधही टाकायचे काय? नाही. इथे जरा सावकाशीने विचार केला पाहिजे.

सागरगोट्याचा गर अतिशय कडू असतो. कवच फोडून गर भाजायचा, त्याची पूड करायची आणि मिऱ्याच्या पुडीबरोबर तापात द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. विशेषतः एक दिवसाआड येणाऱ्या थंडीतापावर ती वापरत. इंग्रज डॉक्टरांनाही त्याची दखल घ्यावी लागली. १८६८ साली ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ हा सरकारी औषधकोश निघाला, त्यात सागरगोट्याला अधिकृत स्थान मिळाले. कारण उघड होते. हिवतापावरची क्विनाईन ही सिंकोना झाडाच्या सालीतून निघे, ती महाग होती, आणि खेड्यातल्या गरिबाला ती परवडत नव्हती. कुंपणावरचा सागरगोटा फुकट मिळत होता.

पण स्वस्त पर्याय म्हणजे बरोबरीचा पर्याय नव्हे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दाखवले. त्यानंतर हिवतापाचे औषध म्हणजे ‘ताप उतरवणारे’ नव्हे, तर ‘रक्तातले जंतू मारणारे’, हे स्पष्ट झाले. कडू काढ्याने घाम येऊन ताप थोडा वेळ उतरलाही असेल. पण हिवतापाचा ताप चढउतार करतोच. उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे. हिवतापावर भरवशाचे औषध म्हणून सागरगोटा आज डॉक्टर वापरत नाहीत.

याच संदर्भात चीनमधील एक उदाहरण आपल्या मुलांना जरूर सांगावे. तू यूयू या महिला शास्त्रज्ञांनी जुन्या चिनी वैद्यकग्रंथांतले तापावरचे उपाय एकेक करून तपासले. त्यांतल्या एका साध्या रोपट्यातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध वेगळे काढले. त्यासाठी त्यांना २०१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजीच्या बटव्यातले सगळेच खोटे नसते, हे त्यांनी दाखवले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती अधिक महत्त्वाची. बटव्यातले खरे काय हे तपासल्याशिवाय कळत नाही. आधी प्रयोग, मग माणसांवर चाचणी, मग प्रमाण ठरवणे. ज्या उपायांनी ही परीक्षा दिली ते औषध झाले. सागरगोट्यावर प्रयोगशाळेत उंदरांवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. ताप, सूज, रक्तातील साखर यांवर त्याचा परिणाम होतो काय हे पाहिले गेले. पण उंदीर बरा झाला म्हणून माणूस बरा होतोच असे नाही.

म्हणून तीन गोष्टी भगिनींनी ध्यानात ठेवाव्यात. एक, पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला तर घरगुती पुडीवर दिवस काढू नयेत. हिवतापाची रक्ततपासणी आणि औषध सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. दोन, पाळी अनियमित आहे किंवा मूल होत नाही म्हणून सागरगोट्याची पूड विकणारे अलीकडे फार झाले आहेत. अशा जाहिरातींना भुलू नये. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मासिक पाळीच्या विकारांवरच्या औषधांची जाहिरात करण्यास आणि मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा करण्याची जाहिरात करण्यास बंदी आहे. तीन, गरोदरपणी तर हे बी पोटात मुळीच घेऊ नये. आयुर्वेदिक उपचार घ्यायचा असेल तर पदवी असलेल्या वैद्याकडे जावे आणि चालू असलेल्या गोळ्यांची माहिती त्यांना द्यावी.

घुटीचा प्रश्न

हा प्रश्न सर्वांत नाजूक, कारण यात सासू आणि सून समोरासमोर येतात. घुटीच्या डब्यात हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा यांच्याबरोबर अनेक घरांत सागरगोटा असतो. बाळाचे पोट दुखू नये, जंत होऊ नयेत म्हणून सहाणेवर त्याचे एक-दोन वळसे द्यायचे. सासूबाई म्हणतात, ‘‘आम्ही चार पोरं याच्यावरच वाढवली.’’ सून म्हणते, ‘‘आई, नर्सबाईंनी काहीच द्यायचं नाही म्हणून सांगितलंय.’’ मग घरात अबोला!

यात बरोबर कोण? नर्सबाई बरोबर आहेत. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारत सरकारनेही ऑगस्ट २०१६ पासून ‘माँ’ या कार्यक्रमाद्वारे हाच प्रचार चालवला आहे. कारण साधे आहे. बाळाचे आतडे कोवळे असते. सहाण, बी, पाणी आणि बोट, या चारांपैकी एकही अस्वच्छ असले तर जुलाब ठरलेले. घुटीत कोणत्या वस्तूचा किती अंश उतरला हे कोणालाच मोजता येत नाही. दीड महिन्याच्या बाळाला जंत होत नाहीत. त्याच्या रडण्याची कारणे निराळी असतात. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढला तरी पुष्कळदा काम भागते.

पण सासूबाईंचेही ऐकले पाहिजे. त्यांच्या काळी खेड्यात दवाखाना कोसभर दूर होता आणि तिथे गेल्यावरही आपल्या माणसांना बाहेरच ताटकळत उभे केले जाई. त्यांच्या हाती होते ते त्यांनी केले. त्यांची चार मुले जगली ती त्यांच्या जागरणामुळे आणि दुधामुळे. घुटी थांबवायची ती त्यांचा अपमान करून नव्हे. बाळाला न्हाऊमाखू घालणे, तेल लावणे, अंगाई म्हणणे, सुनेला वेळेवर खाऊ घालणे, या कामांत त्यांच्याएवढे जाणते घरात दुसरे कोण आहे? लसीकरणाच्या दिवशी त्यांनाच बरोबर न्यावे. नर्सबाईंचे म्हणणे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले की निम्मे भांडण मिटते.

खेळ मात्र टिकवू

ताईत टाकला, औषध तपासणाऱ्यांवर सोपवले. मग उरला खेळ. तो मात्र जिवापाड जपावा असा आहे.

पाच सागरगोटे घ्यायचे. जमिनीवर पसरायचे. एक वर उडवायचा आणि तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचा एक उचलून वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. पुढे सगळे उडवून उपड्या पंजावर झेलायचे. उचलताना शेजारचा हलला की डाव गेला. गावागणिक नियम बदलतात. ज्यांना सागरगोटे मिळत नाहीत ते खड्यांवर खेळतात, पण सागरगोट्याची मजा खड्यात नाही. तो हलका, गुळगुळीत आणि हाताला लागत नाही. आणखी एक गंमत – फरशीवर जोरात घासला की तो चांगलाच तापतो. घासण्याने उष्णता निर्माण होते हा शाळेतला धडा मुलींनी शेजारणीला चटका देऊन केव्हाच पाठ केलेला असतो!

या खेळाला मैदान लागत नाही. दहा बाय दहाची खोली, गॅलरीचा कोपरा, जिन्याची पायरी पुरते. पैसा लागत नाही. एक मूल मांडीवर झोपवूनही खेळता येतो, आणि आपल्या मुली तसाच तो खेळल्या. कारण धाकट्या भावंडांना सांभाळणे त्यांच्याच वाट्याला होते. घरकामातून चोरलेला तो त्यांचा वेळ होता. या खेळात नजर आणि हात यांचा मेळ बसतो, मोजणी पक्की होते, हरणे सहन करायला शिकता येते. मोबाईलवर तासन्‌तास मान घालून बसलेल्या मुलांच्या हातात पाच सागरगोटे देऊन पाहा. आणि हो, मुलग्यांनाही द्या. हा ‘पोरींचा खेळ’ हे कोणी ठरवले?

नया नगरचे नाव बातम्यांत येते ते पुष्कळदा तणावाच्या निमित्ताने. जानेवारी २०२४ मध्येही तसेच झाले. पण इमारतीच्या एका मजल्यावर हाच खेळ सागरगोटे, शेजारच्या उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरात गुट्टे, गुजराती दारात कूका आणि तामिळ घरात अंजांगल म्हणजे पाच खडे या नावाने ओळखला जातो, याची बातमी कधी होत नाही. चार दारांतल्या चार मुली एका पायरीवर बसल्या की नियमांवरून थोडे भांडतात आणि मग खेळतात. डाव कोणाचा, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. मोठ्या माणसांनी त्यांना बसू द्यावे.

हा खेळ आणि हे बी यांचे नाते फार दूरवर पोहोचलेले आहे. आफ्रिकेतून लाखो माणसांना बेड्या घालून वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून नेले गेले. त्यांना बरोबर काही नेता आले नाही. पण खेळ त्यांच्या डोक्यात होता. बारा खळगे आणि अठ्ठेचाळीस बिया, असा त्यांचा ‘वारी’ नावाचा खेळ. नव्या बेटांच्या किनाऱ्यावर त्यांना हेच सागरगोटे सापडले आणि त्यांनी तो पुन्हा मांडला. अँटिग्वा आणि बार्बाडोस या बेटांवर आजही तो सागरगोट्यांनी खेळला जातो. मालकाने नाव घेतले, भाषा घेतली, मुले विकली, पण हिशेब करून डाव टाकणारी त्यांची बुद्धी त्याला घेता आली नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हिरावून घेतलेले जीवन भोगले, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

खेळताना आणि लावताना

काही सूचना करून हा लेख संपवतो. सागरगोटे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. आणल्यावर साबणाने धुवून वाळवावेत. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. आकार असा आहे की घशात अडकू शकतो. याच शेंगांच्या कुळातली लाल-काळी गुंजही मुले गोळा करतात. ती दिसायला सुंदर, पण तिच्यात जहाल विष असते. फुटलेली गुंज पोटात गेली तर जीव जाऊ शकतो. तेव्हा खेळायला गुंज कधीही देऊ नये.

शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत हे झुडूप लावायचे असेल तर बी नुसते मातीत टाकून उपयोग नाही. वर्षभर ते तसेच पडून राहील. कानसीने किंवा खरखरीत दगडावर एका बाजूने घासून कवच थोडे उघडावे आणि दिवसभर पाण्यात भिजत घालावे. फुगलेले बी पावसाच्या सुरुवातीला कुंडीत किंवा पिशवीत लावावे. रोप वीतभर झाले की जमिनीत. मात्र मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ते लावू नये आणि वाढेल तसे छाटत राहावे, काटे कोणाची ओळख ठेवत नाहीत. खारफुटीच्या संरक्षित जागेत आपल्या मनाने काही लावू किंवा तोडू नये. तसे करावेसे वाटले तर वन विभागाला विचारावे.

झुडूप रुजले की मुलांना रोज एक काम द्यावे. पहिले पान कधी आले, काटा कधी दिसला, फूल कोणत्या महिन्यात आले, शेंग किती दिवसांनी वाळली, हे वहीत तारखेसह लिहून ठेवायचे. शेंग उकलली की आतले पहिले पाच सागरगोटे, पाणी घालणाऱ्या मुलांचे.